लीड्सहून येणारं खोकं

पत्र स्पेनमधल्या मालागाहून आलंय. लांब होतं, थोडं कापून देते.

"ताई, नमस्कार. मी मूळची कोल्हापूरची. नवरा यॉर्कशायरचा, त्यामुळे आता घरातले चारही पासपोर्ट ब्रिटिश. त्याच्या नोकरीमुळे पाच महिन्यांपूर्वी आम्ही लीड्स सोडून इथे आलो. लेक सव्वासहा वर्षांची, धाकटा दहा महिन्यांचा. लीड्समध्ये मला सगळं पाठ होतं. सुपरमार्केटच्या एका फेरीत दूध, डायपर, शाळेचे पोलो शर्ट आणि तापाचं औषध घेऊन मी घरी. इथे तीन दुकानं फिरते, तरी यादी अर्धीच. नवरा म्हणतो, मुलांच्या बाबतीत प्रयोग नकोत, माहीत आहे तेच वापरू. म्हणून सासूबाई दर महिन्याला खोकं पाठवतात. गेल्या महिन्यातलं कस्टममध्ये अडकलं. सोडवायला ४८ युरो भरले. आत काय, तर वेट वाइप्स, तीन करड्या स्कर्ट, काळे बूट (तेही लहान झाले) आणि आपलं घरचं साजूक तूप. तूप काढून घेतलं होतं. त्याच आठवड्यात धाकट्याला ताप आला. फार्मसीतून औषध आणलं, पण बाटली वेगळी, आकडे वेगळे. धीर झाला नाही, रात्रभर ओल्या पट्ट्या ठेवल्या. ब्रिटनमधून नेमकं काय आणायचं आणि काय इथे घ्यायचं? आणि सासूबाईंना न दुखावता हे खोकं थांबवता येईल का?"

सप्रेम नमस्कार.

औषध दिलं नाहीत म्हणून मनाला लावून घेऊ नका. आकडे वेगळे दिसल्यावर हात थांबला, हे उत्तमच झालं. बाकीचं सावकाश बोलू, आधी ती बाटली समोर घ्या.

तुमच्या सवयीचं जे लहान बाळांचं कॅलपॉल, त्यात ५ मिलिलिटरला १२० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतं. म्हणजे एका मिलिलिटरला २४. स्पेनमध्ये घरोघरी जे आपिरेताल असतं, त्यात एका मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम. औषध तेच, पण चौपटीहून जास्त कडक. सवयीनं कॅलपॉलचा ५ मिलिलिटरचा चमचा भरून दिला असतात, तर बाळाच्या पोटात ५०० मिलिग्रॅम गेलं असतं. मोठ्या माणसाची अख्खी गोळी झाली ती.

कोल्हापूरच्या मुलीला हे समजायला अवघड नाही. आपल्याकडे पॅरासिटामॉलचे ड्रॉप्स वेगळे आणि सिरप वेगळं. ड्रॉप्सच्या छोट्या बाटलीत मिलिलिटरला १००, सिरपमध्ये ५ मिलिलिटरला १२०. ड्रॉप्स चमच्यानं द्यायचे नसतात, हे आपल्या आयांना कुणी शिकवावं लागत नाही. स्पेनची बाटली म्हणजे ड्रॉप्स, एवढं डोक्यात ठेवा.

दुसरा फरक असा की ब्रिटनमध्ये डब्यावर वय बघून चमचे मोजतात, तर स्पेनमध्ये बाळाचं वजन बघून. साधारण हिशेब एका वेळेला किलोमागे १५ मिलिग्रॅम. बाळ ९ किलोचं असेल तर १३५ मिलिग्रॅम, म्हणजे या बाटलीतलं १.३५ मिलिलिटर, तेही सोबतच्या सिरिंजनं मोजून. फरक डोळ्यांना दिसावा म्हणून हे गणित मांडलं. तुमच्या बाळाचा डोस पेडियाट्रिशियननं वजन करून लिहून दिलेला हवा, आणि तो कागद औषधाच्या कपाटाला आतून चिकटवलेला. वजन वाढेल तसा तो आकडा बदलून घ्यायचा. आयबुप्रोफेनचीही तीच गंमत. दालसी नावाचं जे सगळीकडे मिळतं, त्यातलं एक ब्रिटनसारखंच आहे, मिलिलिटरला २० मिलिग्रॅम. पण त्याच नावानं ४० चंही मिळतं. खोका तोच वाटतो, आकडा दुप्पट.

आणि घरात दोन्ही देशांच्या बाटल्या ठेवू नका. या पत्रातलं एवढंच ऐकलंत तरी चालेल. रात्री दोन वाजता तुम्ही एक बाटली हातात घेणार, चार वाजता नवरा दुसरी. त्याच्या हाताला कॅलपॉलचा चमचा पाठ आहे. लीड्सची बाटली उरली असेल तर फार्मसीत परत द्या, तिथे जुन्या औषधांची पेटी असते.

स्पेनमध्ये औषधं सुपरमार्केटात मिळत नाहीत, साधं पॅरासिटामॉलसुद्धा. हिरव्या क्रॉसची फार्मासियाच गाठावी लागते. रात्री किंवा रविवारी कुठली उघडी, ते बंद असलेल्या फार्मासियाच्या दारावर लावलेलं असतं. 'फार्मासिया दे ग्वार्दिया', म्हणजे पाळीवर उघडी असलेली फार्मसी, हे शब्द पाठ करून टाका. औषधाच्या पत्रकात विषबाधेची माहिती देणाऱ्या सेवेचा फोन छापलेला असतो, तोही मोबाइलमध्ये साठवा. जास्त औषध गेल्याची शंका आली तर तिथे, आणि बाळ मलूल वाटलं तर सरळ ११२. काउंटरमागच्या बाईंना वजन सांगून डोस विचारायला लाजू नका, त्यांचं ते रोजचं काम आहे. ओल्या पट्ट्यांचं म्हणाल तर आपल्या सगळ्यांच्या आयांनी त्या ठेवल्या, पण ब्रिटनमधले डॉक्टर हल्ली नको म्हणतात.

तर तुमच्या अर्ध्या यादीचं उत्तर यातच आलं. डब्यावरचं नाव विसरा, आकडा वाचा. नवरा म्हणतो प्रयोग नकोत, ते बरोबर आहे. पण प्रयोग नाव बदलल्यानं होत नाही, आकडा न वाचल्यानं होतो.

बाळाच्या डब्यातल्या दुधाचं, फॉर्म्युलाचंच घ्या. ब्रिटनमध्ये डब्यावर वयाच्या टप्प्याप्रमाणे १, २, ३ असतं, स्पेनमध्येही १, २, ३. लहान बाळांच्या दुधात काय किती असावं हे कायद्यानं ठरलेलं आहे, आणि ब्रिटनचे नियम युरोपच्याच नियमांतून आलेले. तुमच्या बाळाला कुठली अॅलर्जी नसेल तर स्पेनचा डबा बिनधास्त आणा. फक्त एका डब्यातला चमचा दुसऱ्या डब्यात वापरू नका. आणि दोन महिन्यांत तो वर्षाचा होईल. मग ब्रिटनच्या सल्ल्याप्रमाणे साधं गाईचं पूर्ण दूध चालतं, हा खर्चच संपला. गाईच्या दुधाला नावं ठेवाल, कारण स्पेनमध्ये सगळे खोक्यातलं लांब टिकणारं दूध पितात. त्याला साय धड धरत नाही आणि चव जरा उकळल्यासारखी. फ्रिजच्या कप्प्यात 'लेचे फ्रेस्का' शोधा, मोठ्या दुकानात असतं. व्हिटॅमिन डीच्या थेंबांवर ब्रिटनमध्ये १० मायक्रोग्रॅम लिहितात, स्पेनमध्ये ४०० युनिट, दोन्ही एकच.

आता खोकं. २०२१ च्या १ जानेवारीपासून ब्रिटनहून स्पेनला येणारं प्रत्येक पार्सल हे परदेशातून आयात केलेला माल असतं. घरच्या माणसानं घरच्या माणसाला पाठवलेली भेट ४५ युरोपर्यंत करमुक्त. त्यावर गेलं की २१ टक्के कर, तोही टपालखर्च धरून, आणि वर कुरियरवाल्याची हाताळणी फी. तुमचे ४८ युरो असे झाले असणार. यात एक गोम आहे, जी बहुतेक आज्यांना माहीत नसते. त्यांनी ऑनलाइन दुकानातून मागवून थेट तुमच्या पत्त्यावर पाठवलं, तर पाठवणारं दुकान ठरतं. मग ती भेट राहत नाही, कितीही स्वस्त असो. सासूबाईंनी स्वतः बांधून, खरी किंमत लिहून पाठवलं तरच ती सूट. मी स्वतः आलिकांतेजवळ नवी असताना साउदॅम्प्टनहून बाळाच्या बनियनांचं पार्सल मागवलं होतं. बनियनं अकरा पौंडांची, सोडवायला त्याहून जास्त. ती बनियनं मी पुढे फरशी पुसायलासुद्धा काढली नाहीत, इतकी महागाची ती.

औषधं मात्र पार्सलनं अजिबात नकोत, स्पेनच्या कस्टमला ती चालत नाहीत. आणि तूप! ब्रिटनहून युरोपात मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे, टपालानंही आणि सामानातूनही. तूप दुधात मोडतं, पेढे दुधात मोडतात. सवलत बाळाच्या दुधाला आणि बाळाच्या खाण्याला: माणशी २ किलो, बंद पाकिटात, फ्रिज न लागणारं. तेव्हा तूप घरी कढवा. 'मांतेकिया सिन साल', म्हणजे बिनमिठाचं लोणी, ८२ टक्के स्निग्धांश लिहिलेलं घ्या. बेरी खाली बसेपर्यंत मंद आचेवर. वास कोल्हापूरचाच येतो.

सामान आणायचंच तर स्वतःच्या बॅगेतून. विमानानं येताना मोठ्या माणसाला ४३० युरोपर्यंतचा माल करमुक्त, पंधरा वर्षांखालच्या मुलांना १५० पर्यंत. त्यात ब्रिटनमध्ये मुलांच्या कपड्यांवर आणि बुटांवर व्हॅट शून्य आहे, स्पेनमध्ये तोच २१ टक्के. म्हणजे जुलैत लीड्सला जाल तेव्हा तिथे घेतलेलं आणि बॅगेत भरलेलं स्वस्त पडतं, आणि तेच कुरियरनं मागवलेलं महाग. एकच स्कर्ट, रस्ता वेगळा.

पण स्कर्ट हवेतच कशाला? लेक सरकारी शाळेत असेल तर बहुधा गणवेश नाहीच. करड्या स्कर्ट नॅनाच्या, म्हणजे तुमच्या सासूबाईंच्या, आठवणीतल्या शाळेच्या आहेत. बालवर्गातली मुलं 'बाबी' नावाचा झगा घालतात, पण लेक त्यातून पुढे गेली. खेळाच्या तासाला ट्रॅकसूट, त्याला 'चांदाल' म्हणतात, तो लागतो. आंदालुसियात, म्हणजे मालागा ज्या प्रदेशात येतं तिथे, पाठ्यपुस्तकं सक्तीच्या शिक्षणात शाळेकडून वापरायला मिळतात, वरच्या इयत्तांत वर्षाअखेरीस परत करायची. तुम्हाला घ्यायच्या त्या वह्या. त्यांतली अक्षर वळवायची रेघांची वही, 'क्वाद्रोविया', ब्रिटनमध्ये मिळणारच नाही. शाळेची यादी घेऊन कोपऱ्यावरच्या 'पापेलेरिया'त, म्हणजे वह्या-पेनांच्या दुकानात, जा. दुकानदाराला शाळेचं नाव सांगितलं की तो यादी न बघता सामान काढतो. दुपारी दोनला जाऊ नका, पाचपर्यंत छोटी दुकानं बंद.

कपड्यांवर वयाबरोबर सेंटिमीटर लिहिलेले असतात, आणि ते सोन्यासारखे. उंची ११८ असेल तर १२२ घ्या, वय किती ते जाऊ द्या. मोठी खरेदी ७ जानेवारीनंतर, तेव्हा 'रेबाखास' म्हणजे सेल सुरू होतात. ६ तारखेला तीन राजे (येशूच्या जन्माच्या गोष्टीतले, इथे मुलांना भेटी तेच आणतात) भेटी देऊन गेले की दुसऱ्या दिवसापासून दुकानं स्वस्त. पुढच्या हिवाळ्याचा कोट तेव्हाच, एक माप मोठा. कोट हसण्यावारी नेऊ नका. ब्रिटिश कुटुंबं दक्षिण स्पेनला येताना बॅगभर चड्ड्या आणतात आणि जानेवारीत घरात कुडकुडतात. आंदालुसियातली पुष्कळ घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली, फरशी थंडगार आणि हीटिंग नाही. लीड्सला बाहेर गारठा असतो, इथे घरात. रांगणाऱ्या बाळासाठी जाड मोजे आणि सतरंजी आत्ताच घ्या. हे ब्रिटनहून मागवायची काही गरज नाही.

बुटांवर मात्र जरा थांबू, कारण ते लहान का झाले ते कळलं पाहिजे. ब्रिटनचा एक नंबर म्हणजे इंचाचा तिसरा भाग, साडेआठ मिलिमीटरच्या आसपास. युरोपचा एक नंबर पावणेसात मिलिमीटरच्या आसपास. दोन्ही पट्ट्या वेगळ्या, त्यामुळे तक्त्यातून केलेलं रूपांतर कधीच नेमकं बसत नाही. वर ब्रिटनमध्ये मुलांचे नंबर १३ ला संपतात आणि पुन्हा १ पासून सुरू होतात, बाराखडी गिरवल्यासारखे. सव्वासहा वर्षांच्या मुलीला ब्रिटनचा ११ असेल तर इथे २९ च्या आसपास. पण नंबर कुणालाच सांगू नका. कागदावर उभं करा, टाचेपासून सगळ्यात लांब बोटापर्यंत सेंटिमीटर मोजा, दोन्ही पाय, मोठा पाय धरा. त्यात वाढीसाठी साधारण एक सेंटिमीटर घाला आणि बुटाच्या आतली लांबी विचारा.

आता मी इथली असल्यामुळे पक्षपात करते. बूट स्पेनचेच घ्या. आलिकांते प्रांतातलं एल्चे हे बुटांचं गाव, इचलकरंजी जशी कापडाची. पट्ट्याचे कातडी 'मेर्सेदितास' मुलींच्या पायात छान बसतात. एकच गोष्ट ब्रिटनची सरस: क्लार्क्ससारख्या दुकानात पायाची रुंदीही मोजतात, एफ, जी, एच अशी. लेकीचा पाय रुंद किंवा फार निमुळता असेल तर शाळेचा एक जोड तिथून आणायला माझी हरकत नाही.

उरलेली यादी झटपट. डायपर, वाइप्स, बाटल्या कुठल्याही सुपरमार्केटात, दुकानाच्या स्वतःच्या नावाचे घ्या. डायपरवर किलो लिहिलेले असतात, तेवढे बघा. पाळण्याची गादी ६० बाय १२० किंवा ७० बाय १४० असेल तर इथली चादर बसते. निर्जंतुक करायचं यंत्र चालेल, वीज तीच, २३० व्होल्ट. फक्त प्लगचं अॅडॉप्टर बऱ्यापैकी घ्या. कारची सीट फेकू नका. नारिंगी लेबलवर आर-१२९ किंवा आय-साइझ (मुलांच्या सीटच्या सुरक्षेचं मानक) असेल तर ती दोन्हीकडे चालते. पण इथे १३५ सेंटिमीटरपर्यंतची मुलं मागेच बसली पाहिजेत, नॅना आल्या तरी पुढची जागा नातीला नाही. सनक्रीमवर ५० बघा आणि गोलात यूव्हीए लिहिलंय ना ते. खाऊच्या ओळखीच्या डब्यांसाठी मालागाजवळच्या फुएंखिरोला, बेनालमादेनात ब्रिटिश दुकानं आहेत, महाग आहेत, महिन्यातून एकदा जा आणि अपराधी वाटून घेऊ नका. खेळणी, ढकलगाडी, उंच खुर्ची वालापॉपवर (जुन्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीचं अॅप) वापरलेली घ्या. वापरलेली कार सीट तेवढी नको, तिला अपघात झालाय का ते बाहेरून कळत नाही.

वाटेत एक मजा सांगते. फार्मासियात बाळांच्या कप्प्यात तुम्हाला अत्तराच्या मोठाल्या बाटल्या दिसतील. इथे तान्ह्या बाळालाही 'कोलोनिया' लावतात, नेनुकोची बाटली घरोघरी. यॉर्कशायरला हे बघून भोवळ येईल, म्हणून बाळाच्या त्वचेपेक्षा कपड्यांवर एक थेंब पुरे. आणि इथे तान्ह्या मुलींचे कान टोचतात, अगदी आपल्यासारखे. लीड्सच्या शाळेत तुमच्या लेकीचे टोचलेले कान वेगळे दिसले असतील. मालागात कुणी दुसऱ्यांदा बघणार नाही.

राहता राहिल्या सासूबाई. त्यांचं खोकं थांबवू नका, त्यातलं सामान बदला. वाइप्स पाठवण्यात त्यांना काय आनंद असणार? नातवंडांना आपलं काही लागतंय, एवढंच त्यांना हवंय. तर त्यांना असं काम द्या जे मालागात होऊ शकत नाही. इंग्रजी गोष्टींची पुस्तकं इथे कमी आणि महाग. लेक इथल्या शाळेत स्पॅनिश वाचायला शिकणार, तिचं इंग्रजी वाचन आजीच्या खोक्यावर चालू दे. महिन्याला चार पुस्तकं, ४५ युरोंच्या आत, 'भेट' लिहून, त्यांच्या स्वतःच्या हस्ताक्षरात. रविवारी फोनवर त्यातलंच एक त्यांनी वाचून दाखवायचं. आणि जुलैत गेलात की नातीला बुटाच्या दुकानात पाय मोजायला नॅनानंच न्यायचं, तुम्ही बाहेर कॉफी प्या.

नवऱ्याशी मात्र सरळ बोला. पाच महिने झाले, त्याला घरची आठवण येत असेल, आणि मोठी माणसं ती मुलांच्या नावावर खपवतात. त्याच्यासाठी चहापत्तीचा एक डबा आणि त्याची बिस्किटं बॅगेतून आणा, उघडपणे त्याच्या नावानं. मग बाळाच्या यादीतून निम्म्या गोष्टी आपोआप गळतील. सोमवारी त्यालाच बाळाला घेऊन आरोग्य केंद्रात पाठवा, वजन करून डोसचा कागद त्यानंच लिहून आणू दे. कपाटाला चिकटवतानाही हात त्याचाच.

पायाचं माप संध्याकाळी घ्या बरं का, सकाळी पाय लहान भरतो.